आमच्या लेकीचा टाइप वन डायबेटिस आणि आमची निधी मोहीम : नेहमी विचारले जाणारे प्रश्न

आम्ही मुलुंडला राहतो. मी, लेकीचे बाबा, आजी, आणि कायम धावपळीला तयार असलेले मामा-मावशी. लेक आता सातवीत आहे, टाइप वन तिला सीनियर केजीत असताना निघाला. तेव्हापासून आम्ही घरचे सगळे मिळून दोन कामं करतो, टाइप वनच्या संशोधनासाठी पैसे जमवतो आणि त्याची लक्षणं जितक्या लोकांपर्यंत पोचवता येतील तितक्यांपर्यंत पोचवतो. स्टॉलवर, लिफ्टमध्ये, व्हॉट्सॅपवर तेच तेच प्रश्न येतात आणि घाईत अर्धवट उत्तरं दिली जातात, म्हणून इथे नीट लिहितेय. मी डॉक्टर नाही, आई आहे, त्यामुळे औषधाचा डोस वगैरे मला विचारू नका प्लीज, ते तुमच्या डॉक्टरांनाच विचारा.

टाइप वन म्हणजे नेमकं काय? शुगरच ना?

शुगरच, पण घरातल्या काकांना पन्नाशीत होते ती नाही. आपल्या स्वादुपिंडात बीटा पेशी असतात, त्या इन्सुलिन तयार करतात. टाइप वनमध्ये शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती या पेशींवर हल्ला करते आणि हळूहळू इन्सुलिन बनणं जवळजवळ बंदच होतं. मग ते बाहेरून द्यावं लागतं, रोज, इंजेक्शनने किंवा पंपाने, आणि ते कायमचं. टाइप टूमध्ये इन्सुलिन बनतं पण पुरत नाही किंवा शरीर त्याला नीट दाद देत नाही, त्यात गोळ्या, वजन, चालणं याने बराच फरक पडतो. आयसीएमआर म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, तिच्या 2023 मध्ये आलेल्या अभ्यासानुसार भारतात 10 कोटींहून जास्त लोकांना डायबेटिस आहे, त्यातले बहुतेक टाइप टूवाले, आणि या गर्दीत टाइप वनची पोरं हरवून जातात. डायबेटिस म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर लहान मूल येतच नाही, खरी अडचण ही आहे.

गोड जास्त खाल्लं म्हणून झालं का?

नाही. नाही. नाही. देवळात एका बाईंनी आमच्या आजींना सरळ विचारलं होतं की नातीला लाडू फार भरवलेत का, आणि आजी त्या दिवशी घरी येऊन जेवल्या नाहीत. आईने गरोदरपणात काय खाल्लं, पोराने किती चॉकलेटं खाल्ली, याने टाइप वन होत नाही. काही जनुकं धोका वाढवतात, बाहेरचं काहीतरी निमित्त होतं, एखादं व्हायरल इन्फेक्शन असू शकतं, यावर जगभर काम चालू आहे. कुणाच्या घरी नवीन निदान झालं असेल तर हे वाक्य त्या आईला आधी सांगा, बाकी सगळं नंतर.

तुमच्या घरात कुणाला होता का आधी?

टाइप वन कुणालाच नाही. बहुतेक मुलांच्या बाबतीत असंच असतं, जवळच्या नात्यात कुणालाच नसतो.

लक्षणं कशी ओळखायची?

बाकी काही वाचलं नाहीत तरी चालेल, हे वाचा.

मूल सारखं पाणी मागतं. सारखं सू करायला जातं, रात्री उठतं, आणि अंथरूण ओलं करणं बंद झालेलं मूल पुन्हा करायला लागतं. खाऊनपिऊन वजन उतरतं, शाळेचा स्कर्ट अचानक ढिला होतो. दमलेलं असतं, खेळायला जायचं नाही म्हणतं. ही चार. बाळ असेल तर डायपर नेहमीपेक्षा फार जड होतो, काही घरांत सू केलेल्या जागी मुंग्या येतात हेही लक्षात आलेलं आहे.

मुंबईत हे का सुटतं सांगते. मे महिन्यात सगळीच पोरं पाणी पितात त्यामुळे तहानेकडे कुणी बघत नाही, आणि पावसाळ्यात उलट्या, पोटदुखी, ग्लानी दिसली की गॅस्ट्रो नाहीतर व्हायरल असंच सगळे धरून चालतात. आमच्याकडेही तेच झालं, जवळच्या दवाखान्यात व्हायरल म्हणून औषध दिलं, आम्ही ते देत राहिलो, आणि मग ती जोरजोरात खोल श्वास घ्यायला लागली, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास यायला लागला. त्याला डीकेए म्हणतात. इन्सुलिन नसल्यामुळे पेशींना साखर वापरता येत नाही, मग शरीर चरबी जाळायला लागतं, त्यातून कीटोन्स तयार होतात आणि रक्त आम्लधर्मी होतं. ती आयसीयूतून घरी आली. सगळी मुलं येत नाहीत.

म्हणून आमचं मागणं एकच आहे की यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी बोटाला टोचून शुगर बघा. एक थेंब रक्त, काही सेकंदं. ग्लुकोमीटर शेजारच्या आजोबांकडेही असतो, बहुतेक फॅमिली डॉक्टरांकडे असतो, आणि नसला तर लॅबमध्ये जा. लक्षणं आहेत आणि कुठल्याही वेळची शुगर 200 च्या वर आली तर 'उद्या सकाळी उपाशीपोटी करू' असं म्हणत बसायचं नाही, त्याच दिवशी मुलांच्या डॉक्टरांकडे किंवा हॉस्पिटलला. उलट्या, धाप, ग्लानी असेल तर थेट इमर्जन्सीत, आणि तिथे गेल्यावर 'शुगर चेक करा' हे तुम्ही स्वतः तोंडाने सांगा.

संशोधनालाच पैसे का? त्यापेक्षा गरीब मुलांना इन्सुलिन द्या ना.

हा प्रश्न चांगला आहे आणि विचारणाऱ्याची तळमळ मला समजते. आम्ही दोन्ही करतो. जमलेल्या पैशाचे तीन भाग केले तर दोन संशोधनाला जातात आणि एक भाग ज्या मुलांना परवडत नाही त्यांच्या शुगर तपासायच्या स्ट्रिप्स, सुया, इन्सुलिनला. पण संशोधनाचा भाग मोठा का, ते सांगते.

1921 च्या आधी टाइप वनच्या मुलांना जवळजवळ उपाशी ठेवायचे, तेवढेच चार दिवस जास्त मिळावेत म्हणून. 1921 मध्ये टोरंटोला बँटिंग आणि बेस्ट यांनी मॅक्लिऑड यांच्या लॅबमध्ये इन्सुलिनवर काम सुरू केलं, कॉलिप यांनी ते शुद्ध केलं, आणि जानेवारी 1922 मध्ये लेनर्ड थॉम्पसन नावाच्या 14 वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा दिलं. पहिलं इंजेक्शन नीट लागू पडलं नाही, रिअ‍ॅक्शन आली, मग काही दिवसांनी जास्त शुद्ध केलेलं दिलं आणि पोरगा सावरला. पेटंट त्यांनी विद्यापीठाला एकेका डॉलरला देऊन टाकलं. माझी मुलगी आज शाळेत जाते ती त्या संशोधनामुळे, त्यामुळे मी हे असं बाजूला ठेवू शकत नाही.

पण इन्सुलिनने रोग बरा होत नाही, मूल जिवंत राहतं. लेक प्रत्येक पोळीच्या आधी हिशोब करते, रात्री दोन वाजता शुगर खाली आली की आमच्यातलं कुणीतरी उठतं, आणि सणवार, ताप, परीक्षेचं टेन्शन, पीटीचा तास, प्रत्येक गोष्टीने आकडा हलतो. यातून सुटका हवी असेल तर ती लॅबमधूनच येणार.

आणि ती येतेय हो. नोव्हेंबर 2022 मध्ये अमेरिकेत टेप्लिझुमॅब नावाच्या औषधाला मान्यता मिळाली. ज्यांच्या रक्तात अँटीबॉडीज, म्हणजे बीटा पेशींवर हल्ला सुरू झाल्याच्या खुणा, सापडल्यात, शुगर थोडी बिघडायला लागलीय पण रोग अजून पूर्ण उभा राहिलेला नाही अशांना ते देतात, आणि चाचणीत त्याने आजार साधारण दोन वर्षं पुढे ढकलला. आठव्या वर्षी होणारा आजार दहाव्या वर्षी सुरू होणं म्हणजे काय, ते ज्या आईने रात्री जागून काढल्यात तिलाच विचारा. मग स्टेम सेलपासून, म्हणजे ज्यांच्यापासून वेगवेगळ्या पेशी बनवता येतात अशा मूळ पेशींपासून, लॅबमध्ये तयार केलेल्या बीटा पेशी. 2025 मध्ये आलेल्या निकालात पूर्ण डोस मिळालेल्या 12 जणांपैकी 10 जणांना वर्षभरानंतर इन्सुलिन घ्यावं लागत नव्हतं. पण त्या पेशी टिकाव्यात म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घ्यावी लागतात, ती मुलांना अशी सरसकट देता येत नाहीत, त्यामुळे अजून बरंच काम बाकी आहे.

पण हे सगळं परदेशात. आपल्या पैशाने इथे काय होणार?

इथेच व्हायला हवं. आयसीएमआरने 2006 मध्ये लहान वयात डायबेटिस झालेल्यांची रजिस्ट्री सुरू केली, त्याआधी देशभरात अशी मुलं कशी आहेत, कोणत्या प्रकारची आहेत, याचं एकत्र चित्रच नव्हतं. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या संशोधकांनी हैदराबादची सीसीएमबी ही संशोधन संस्था आणि इंग्लंडच्या एक्सेटर विद्यापीठासोबत 2020 मध्ये दाखवलं की युरोपियन लोकांवरून तयार केलेला टाइप वनचा जनुकीय स्कोर (जनुकांवरून धोका मोजणारा आकडा) भारतीयांमध्येही प्रकार ओळखायला उपयोगी पडतो, पण आपली जनुकं अगदी तशीच वागत नाहीत. आपल्याकडे काटकुळ्या माणसांनाही टाइप टू होतो, तरुणांना होतो, त्यामुळे प्रकार ओळखण्यातच घोळ होतो आणि चुकीच्या प्रकाराचा उपचार चालू राहतो. आपल्या मुलांच्या रक्ताचे नमुने, आपल्या पोळी-भाताचा हिशोब, आपल्या उकाड्यात इन्सुलिन कसं टिकतं, हे परदेशातलं कुणी आपल्यासाठी करणार नाही.

घरच्यांनी जमवलेल्या थोड्या पैशाने संशोधन होतं का?

1970 मध्ये अमेरिकेत टाइप वनच्या मुलांच्या आईवडिलांनी मिळून एक संस्था काढली, जुव्हेनाइल डायबेटिस फाउंडेशन. तीच पुढे जेडीआरएफ झाली आणि 2024 पासून तिचं नाव ब्रेकथ्रू टी वन डी आहे. टाइप वनच्या संशोधनाला पैसा देणाऱ्या जगातल्या मोठ्या संस्थांमध्ये ती आहे, शुगर बघून आपोआप इन्सुलिन देणाऱ्या पंपांच्या मागेही तिने पैसा लावला. सुरुवात आमच्यासारख्याच लोकांनी केली होती.

पैसे तुमच्या खात्यात जातात का?

नाही, एक रुपयाही नाही. थेट नोंदणीकृत ट्रस्टच्या खात्यात जातात आणि पावती ट्रस्टच देते. ट्रस्टचं नाव, नोंदणी नंबर आणि खातं आम्ही प्रत्येकाला वेगळं पाठवतो, क्यूआर कोड कुठेही जाहीर टाकत नाही, कारण एकदा आमच्या पोस्टरवर दुसराच कोड चिकटवून कुणीतरी ते ग्रुपवर फिरवलं होतं. त्यामुळे फॉरवर्ड आलेल्या कोडवर पैसे पाठवू नका, आधी फोन करा. आणि फक्त आमचंच नाही, कुठल्याही ट्रस्टला देताना धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी बघून घ्या, वरळीला ऑफिस आहे, ऑनलाइनही शोधता येतं. देणाऱ्याने चौकशी केली की खऱ्या संस्थेला राग येत नाही.

८०जीची सवलत मिळते का?

ट्रस्टकडे ८०जी आहे, पण सवलत जुनी करप्रणाली घेणाऱ्यांनाच मिळते, नव्या प्रणालीत नाही. 2000 रुपयांच्या वर कॅश दिलीत तर सवलत नाही, म्हणून यूपीआय किंवा चेकने द्या. पॅन नंबर लागतो. बाकी तुमच्या सीएना विचारा.

माझा भाऊ अमेरिकेत आहे, तो देऊ शकतो का?

पासपोर्ट भारताचा असेल तर स्वतःच्या बचतीतून, बँकेमार्फत देता येतं. तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल तर ते परदेशी देणगीत मोजतात आणि त्याला एफसीआरए नोंदणी असलेलीच संस्था लागते. आधी कळवा, मग पाठवा.

डायबेटिससाठी पैसे जमवता आणि दिवाळीत लाडू-करंज्या विकता, हे कसं?

दरवर्षी विचारतात. टाइप वनच्या मुलांना गोड बंद नसतं, त्यांना किती खाणार ते आधी मोजावं लागतं आणि त्याप्रमाणे इन्सुलिन घ्यावं लागतं, डॉक्टरांनी शिकवलेलं असतं ते. लेक करंजी खाते आणि आम्ही तिला खाऊ देतो. म्हणून आजी आणि मावशीने आमच्या फराळाच्या डब्यावर एका नगाचं वजन आणि अंदाजे किती ग्रॅम कार्ब्स (कर्बोदकं, ज्यांनी शुगर वाढते) ते लिहायला सुरुवात केली, चकली, कडबोळी, अनारसे, सगळ्यांवर. आता ओळखीतल्या टाइप वनच्या पोरांच्या आया फक्त त्या लेबलसाठी आमच्याकडून फराळ घेतात. शुगर-फ्री असं आम्ही कुठेही लिहीत नाही, कारण शुगर-फ्री लिहिलेल्या लाडवातही बेसन असतं आणि बेसनात कार्ब्स असतात. एफएसएसएआयचं रजिस्ट्रेशन घेतलेलं आहे. ऑर्डर नवरात्रात सुरू होतात, कोजागिरीनंतर घेत नाही, हाताने किती होणार शेवटी.

संक्रांतीच्या वाणाचं काय ऐकलं?

हो, हळदीकुंकवाला आम्ही प्लास्टिकच्या वाट्या-डबे देणं बंद केलं. तिळगुळासोबत लक्षणांचं कार्ड देतो, फ्रिजवर लावता येईल असं, चार चित्रं आणि खाली 'आजच शुगर तपासा'. बायका एकमेकींना सांगतात तेवढं कुणीच सांगत नाही. लेडीज डब्यातल्या भजनी मंडळाने ते कार्ड ठाण्यापासून सीएसएमटीपर्यंत वाटलं, आणि त्यातल्याच एका ताईंनी आपल्या भाच्याची शुगर त्या कार्डमुळे तपासून घेतली, वेळेत निदान झालं, डीकेए झालंच नाही. आमच्यासाठी ते कुठल्याही देणगीपेक्षा मोठं आहे.

मॅरेथॉनमध्ये कसं सामील व्हायचं?

जानेवारीतल्या टाटा मुंबई मॅरेथॉनमध्ये संस्थांसाठी निधी जमवता येतो, ते काम युनायटेड वे मुंबईमार्फत चालतं. मामा हाफ पळतो, 21 किलोमीटर, आणि ओळखीचे लोक किलोमीटरमागे रक्कम कबूल करतात. बाबा आणि मावशी ड्रीम रनमध्ये बोर्ड घेऊन चालतात. आमच्यासोबत चालायचं असेल तर पावसाळ्यातच कळवा, जागा लवकर भरतात. तुमच्यापैकी कुणाला इन्सुलिन चालू असेल तर पळण्याआधी डॉक्टरांशी बोला आणि खिशात ग्लुकोज ठेवा, व्यायामाने शुगर खाली येते आणि कधी कधी कितीतरी तासांनी येते.

कारलं, जांभळाची पावडर, एखादा वैद्य... करून बघायला काय हरकत आहे?

भाजी म्हणून कारलं खा, आजी छान करतात. पण टाइप वनमध्ये इन्सुलिन बंद करून दुसरं काहीही देणं म्हणजे काही दिवसांत डीकेए. 'इन्सुलिन सोडा, आम्ही बरं करतो' असं जो म्हणेल, तो कितीही गोड बोलणारा असो, त्याच्या दारातून मुलाला घेऊन परत या.

स्टेम सेलचंही तेच. वर मी ज्या निकालांबद्दल लिहिलं ते नियमात बसणाऱ्या चाचण्यांचे आहेत. आपल्याकडे आयसीएमआरच्या 2017 च्या नियमांप्रमाणे टाइप वनसाठी स्टेम सेल हे मान्य उपचार नाहीत, फक्त मंजूर चाचणीतच देता येतात. लाखो रुपयांचं पॅकेज सांगून कुणी देत असेल तर ते संशोधन नाही. खऱ्या चाचणीची नोंद सीटीआरआयवर असते, भारतातली चाचण्यांची सरकारी नोंदवही आहे ती, कुणालाही फुकट बघता येते. दागिने मोडायच्या आधी आम्हाला एक फोन करा, आपण मिळून शोधू.

तिच्याशी कसं वागायचं?

जसं तिच्या वर्गातल्या इतर मुलींशी वागता तसं. बारशाला पेढ्याचं ताट फिरवताना 'तुला चालत नाही ना गं' असं सगळ्यांसमोर म्हणू नका, तिला विचारा, ती सांगेल. जेवायच्या आधी ती टेबलावरच इंजेक्शन घेते, लपून घेत नाही, तुम्हीही बोलणं थांबवू नका. 'अरेरे, एवढ्याशा पोरीला' हे तिला ऐकू जातं.

शुगर एकदम खाली गेली तर आम्ही काय करायचं?

थरथर, घाम, चिडचिड, गोंधळल्यासारखं वागणं, 70 च्या खाली आकडा. शुद्धीवर असेल तर लगेच तीन छोटे चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर पाण्यातून, पंधरा मिनिटांनी परत तपासायचं, अजून खालीच असेल तर पुन्हा द्यायचं. चॉकलेट-बिस्किटाने सुरुवात करू नका, ते चढायला वेळ लागतो. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, घशात अडकतं. कुशीवर वळवा, 108 ला फोन करा, घरच्यांकडे ग्लुकॅगॉन (शुगर वाढवणारं औषध) असेल तर ते द्यायला सांगा. लोकलमध्ये एखादी मुलगी घामाघूम होऊन सीट मागत असेल तर आधी सीट द्या, मग विचारा.

शाळा सांभाळून घेते का?

आता घेते. सुरुवातीला मधल्या सुट्टीशिवाय खायला परवानगी मिळवायलाही चकरा माराव्या लागल्या होत्या. सीबीएसईने 2017 पासून बोर्डाच्या परीक्षेत डायबेटिस असलेल्या मुलांना खाऊ-ग्लुकोज आत न्यायची मुभा दिलीय, 2023 मध्ये राष्ट्रीय बालहक्क आयोगानेही राज्यांना अशा मुलांच्या सोयींबद्दल लिहिलं होतं. शाळेशी बोलताना हे सोबत घेऊन जा, उपयोग होतो. आम्ही प्रत्येक वर्गशिक्षिकेला एक डबा देतो, ग्लुकोज, बिस्किटं, फोन नंबर आणि काय करायचं ते एका कागदावर मराठीत.

निळा आकाशकंदील कशासाठी?

14 नोव्हेंबर, जागतिक मधुमेह दिन, निळं वर्तुळ हे त्याचं चिन्ह. तो बँटिंग यांचा जन्मदिवस, आणि आपल्याकडे त्याच दिवशी बालदिनही असतो, म्हणून शाळांमध्ये बोलायला तो दिवस फार चांगला मिळतो. आमच्या सोसायटीत तेव्हा गॅलऱ्यांमध्ये निळे कंदील लागतात.

आजोबा गेले, त्यांचं इन्सुलिन उरलंय, देऊ का?

इन्सुलिन आम्ही घेत नाही. न उघडलेलं 2 ते 8 डिग्रीत ठेवावं लागतं, एकदा गोठलं की वाया जातं, आणि मधे फ्रिज बंद होता का हे बाहेरून बघून कळत नाही. सीलबंद स्ट्रिप्स आणि सुया एक्स्पायरी शिल्लक असेल तर जरूर द्या, स्ट्रिप्ससोबत मीटरही द्या, कारण एका कंपनीच्या स्ट्रिप्स दुसऱ्या मीटरला चालत नाहीत.

पुढे लग्नाचं काय?

ती सातवीत आहे. टाइप वन असलेल्या बायका शिकतात, नोकऱ्या करतात, लग्न करतात, आई होतात. तिचं काय ते ती मोठी झाल्यावर ठरवेल.

पोस्टरवर तिचा फोटो का नसतो? फोटो असला की लोक जास्त देतात.

देत असतील. आम्ही तिला विचारलं, ती नको म्हणाली. विषय संपला.

आमच्या सोसायटीत किंवा शाळेत येऊन बोलाल का?

नक्की येऊ, शक्यतो रविवारी. गणपतीच्या मंडपात, पालकसभेत, महिला मंडळात, कुठेही. एक टेबल आणि वीस मिनिटं द्या. मी बोलते, मामा मीटर कसा वापरायचा ते दाखवतो. लोकांना स्वतःची शुगर तपासायची असेल तर तुमच्या ओळखीचे डॉक्टर किंवा नर्स तिथे हवेत, ते आधी ठरवून ठेवा. शाल-श्रीफळ नको, त्या पैशाच्या स्ट्रिप्स घेऊन ठेवा, कोणत्या मीटरच्या घ्यायच्या ते आम्ही फोनवर सांगू.